खालच्या थराची हमी

आंब्याची पेटी बंद विकली जाते. लाकडी पेटी असो की पुठ्ठ्याचा खोका, वर पेंढा, त्याखाली फळांचा एक थर, पुन्हा पेंढा, पुन्हा थर. गिऱ्हाईक फार तर वरचं एखादं फळ हातात घेऊन नाकाशी नेतो. खालचा थर त्याला दिसतो तो पुण्यात किंवा बोरिवलीत, स्वतःच्या घरी, आणि त्याची चव कळायला आणखी आठवडा जातो. तोवर पैसे चुकते झालेले असतात, गाडी रिकामी होऊन परत लागलेली असते आणि विकणारा दुसऱ्या पेट्या भरत असतो. वर आहे तेच खाली आहे, एवढ्या एका भरवशावर रत्नागिरीतला हा सगळा व्यवहार फेब्रुवारीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत चालतो.

ही पुस्तिका रत्नागिरी जिल्ह्यात स्वतःचा लहानमोठा धंदा करणाऱ्यांसाठी आहे. आंबा, काजू, कोकम, मासळी, गणपतीपुळ्याकडची घरगुती निवासव्यवस्था, काहीही असो. आपल्या धंद्याचा स्वभाव कोणता, त्याची मूल्यं कोणती, ती कशी ठरवायची आणि ठरवल्यावर कागदावर का आणायची, हा तिचा विषय. प्रस्तावनेत मी मुद्दाम आंब्यालाच धरून बोलणार आहे. जिल्ह्यात असं घर विरळा, ज्याचा कुठून ना कुठून आंब्याशी संबंध येत नाही. शिवाय धंद्याच्या स्वभावाबद्दल जे काही शिकण्यासारखं आहे, ते बहुतेक सगळं या एका फळाच्या व्यवहारात सापडतं.

‘गुणवत्ता’, ‘विश्वास’, ‘ग्राहक हाच देव’ असे शब्द चौकटीत घालून गल्ल्यामागच्या भिंतीवर लावण्याची पद्धत सगळीकडे आहे. माझं त्या शब्दांशी भांडण आहे. आम्ही गुणवत्ता देत नाही, असं कोण लिहील? ज्या वाक्याची उलट बाजू कोणी निवडूच शकत नाही, ते वाक्य त्या धंद्याबद्दल काहीही सांगत नाही. ‘चौदा आणे तयार झाल्याशिवाय आम्ही फळ उतरवत नाही, मग पाडवा हुकला तरी चालेल’ हे वाक्य मात्र सांगतं. शेजारचा बागायतदार नेमकं याच्या उलट करू शकतो, करतो, आणि त्या आठवड्यात त्याला जास्त पैसे मिळतात. मूल्य म्हणजे काय हे समजायला मला एवढी एक खूण पुरेशी वाटते: ते पाळताना काहीतरी हातचं जायला हवं.

हे चौदा आण्यांचं प्रकरण जरा खोलात बघण्यासारखं आहे. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२पासून या भागात काम करतंय. त्यांची शिफारस आहे की हापूस साधारण ८५ टक्के तयार झाल्यावर काढावा. जुन्या हिशेबात चौदा आणे. देठाजवळचे खांदे भरून वर आलेले दिसतात, सालीचा गडद हिरवा रंग फिकट व्हायला लागतो, आणि फळ पाण्यात टाकलं तर तळाशी जातं. काढणी विद्यापीठानंच तयार केलेल्या नूतन झेल्यानं, देठ ठेवून करायची, म्हणजे चीक सालीवर उतरून डाग पडत नाहीत. उन्हाच्या वेळी काढू नये, काढलेलं फळ तापल्या कातळावर ठेवू नये, सावलीत ठेवावं. यात न समजण्यासारखं काहीच नाही आणि बागायतदाराला हे सगळं पाठ असतं. तरीही दर हंगामात बाजारात कोवळा आंबा येतो. तो वरून पिवळा होतो, आतून आंबट राहतो, आणि कातडी सुरकुतते. पहिल्या पेट्यांना जो भाव मिळतो तो पुढे मिळत नाही, हे त्यामागचं वरवरचं कारण. त्याखाली दुसरं कारण आहे, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

ते कारण म्हणजे उचल. पावसाळ्यानंतर बागेला पैसा लागतो. तुडतुडे, फुलकिडे, भुरी आणि करपा यांच्यासाठीच्या फवारण्या, मजुरी, राखण, पेट्या, पेंढा, वाहतूक. फळ हातात यायला पाच-सहा महिने असताना हा खर्च उभा राहतो. पूर्वी क्रॉफर्ड मार्केटमधल्या आणि आता वाशीच्या दलालाकडून तो पैसा आगाऊ यायचा, अजूनही अनेकांना येतो. ही व्यवस्था वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. बँकेनं दारात उभं केलं नाही तेव्हा अनेक घरांना दलालानं सावरलं आहे, आणि पिढ्यान् पिढ्यांचे संबंध जपणारे सचोटीचे दलाल वाशीत आहेत. पण ज्यानं उचल घेतली, त्याच्या हातात काढणीची तारीख पूर्णपणे राहत नाही. फोन येतो, ‘काका, माल पाठवा, बाजार तेजीत आहे’, आणि काकांना नाही म्हणणं जड जातं. पट्टी येईल तेव्हा काय भाव लागला ते कळतं. अशा माणसाला कोणी ‘कोवळं फळ उतरवू नका’ म्हणून उपदेश करायला लागलं की मला त्या उपदेशाचा राग येतो. त्याला ते कळतं. त्याला परवडत नाही.

म्हणून या पुस्तिकेत धंद्याच्या मूल्यांची चर्चा पैशापासून सुरू केली आहे, आणि हे मला फार पटलं. आपल्या धंद्यात कोणाचा पैसा आहे, तो कोणत्या अटीवर आला आहे आणि त्यामुळे कोणते निर्णय आपल्या हातून गेले आहेत, हे आधी मांडायला हवं. सगळी बाग एकदम मोकळी करता येत नसेल, तर चार कलमांची फळं तरी उचलीबाहेर ठेवता येतात का? तेवढ्याच फळांवर आपलं नाव घालून ती आपल्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना देता येतात का? आज ज्यांची नावं भरवशाची म्हणून घेतली जातात, अशा अनेक लहान बागायतदारांची सुरुवात याच हिशेबानं झाली आहे.

काळही थोडा मदतीला आला. २०१६मध्ये राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. मग २०२०च्या टाळेबंदीत ऐन हंगामात बाजाराची घडी विस्कटली, आणि मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये बागायतदारांच्या गाड्या थेट जाऊन उभ्या राहिल्या. मधला माणूस गेला तसा एक आडोसाही गेला. पूर्वी खराब निघालेलं फळ कोणाच्या बागेतलं हे खाणाऱ्याला कळायचं नाही. आता तो चिरलेल्या फोडीचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर थेट बागेत पाठवतो.

त्या फोटोत बहुतेक वेळा असतो साका. हापूसचं हे दुखणं विलक्षण आहे. बाहेरून फळ निर्दोष, वास उत्तम, आणि कापल्यावर गरात पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग. वरून बघून तो ओळखता येत नाही, म्हणजे इथे विकणाराही खाणाऱ्याइतकाच अंधारात असतो. काळजी घेऊन साक्याचं प्रमाण कमी करता येतं, शून्यावर आणता येत नाही. विद्यापीठानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१मध्ये ‘रत्ना’ ही जात दिली, तिच्यात साका नाही. पण लोकांना हापूसच हवा असतो. आता धंद्याचा स्वभाव इथे दिसतो. काही जण म्हणतात, निसर्गाचा दोष आहे, आम्ही काय करणार. काही जण फळ बदलून देतात, पण आधी फोटो मागतात, चार प्रश्न विचारतात. आणि काही जण पेटी देतानाच सांगतात की एखाद्या फळात साका निघू शकतो, निघाला तर पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त टाकू, पुरावा नको. तिन्ही वागण्यांत हिशेब आहे. तिसऱ्यात गिऱ्हाइकाला खोटारडा धरलेलं नाही, एवढा फरक. मला विचाराल तर हा फरकच त्या धंद्याचं नाव पुढच्या पिढीपर्यंत नेतो. काही लोक खोटं बोलून दोन आंबे जास्त घेतीलही. घेऊ देत. तो खर्च आधीच धरून ठेवावा.

कार्बाइडबद्दल फार लिहायची गरज नसावी. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे. इथिलीन वायू ठरलेल्या मर्यादेत वापरता येतो. आणि पेंढ्याची आढी तर आपल्याकडे आहेच. जो अजून कार्बाइड वापरतो त्याला या पुस्तिकेचा उपयोग नाही.

नावाचा प्रश्न मात्र लांबवर जातो. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळालाच ‘हापूस’ हे नाव लावता येईल, असा त्याचा अर्थ. त्यापूर्वी बरीच वर्षं वाद चालला होता. नाव रत्नागिरीचं असावं की देवगडचं, की सगळ्या कोकणाचं, यावर आपल्याच माणसांत एकमत नव्हतं. शेवटी दापोलीचं विद्यापीठ, रत्नागिरीची कोकण हापूस आंबा उत्पादक आणि उत्पादक विक्रेते सहकारी संस्था, देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था आणि केळशी परिसर आंबा उत्पादक सहकारी संघ या चौघांच्या नावे नोंदणी झाली. बागायतदारानं त्यांच्यामार्फत अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करायची असते. भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन दार्जिलिंगच्या चहाला मिळालं होतं, आणि त्यांचंही दुखणं आपल्यासारखंच: त्या डोंगरांत पिकतो त्यापेक्षा कितीतरी जास्त चहा त्या नावानं जगात खपतो.

कर्नाटकचा आंबा ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून विकला जातो ही आपली तक्रार खरी आहे. पण ती करताना दोन गोष्टी विसरू नयेत असं मला मनापासून वाटतं. पहिली ही की, धारवाडकडच्या शेतकऱ्यानं काही गुन्हा केलेला नाही. त्यानं कष्टानं आंबा पिकवला, तो त्याच्या गावच्या नावानं विकला तर तो सरळ धंदा आहे. लबाडी पेटीवरच्या छापात आहे, फळात नाही. दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. बाहेरचं फळ आणून इथल्या पेटीत भरलं जातं, हे जिल्ह्यात लपून राहिलेलं नाही. आपला माल कमी पडला, ऑर्डर तर घेतलेली आहे, मग चार डझन कुठूनतरी आणून पेटी पुरी करायची. त्या क्षणी ‘माल संपला, पैसे परत घ्या’ म्हणणारा बागायतदार मानांकनाच्या कागदापेक्षा हापूसचं जास्त रक्षण करतो. कायदा नाव नोंदवू शकतो. पेटी भरणारे हात मात्र आपलेच असतात. देवगडच्या संस्थेनं अलीकडे प्रत्येक फळावर स्वतंत्र सांकेतिक क्रमांकाचा स्टिकर लावायला सुरुवात केली आहे. नाव सामाईक असलं की त्याची राखण असा एखादा नेम घालूनच करावी लागते.

सामाईक नावाची किंमत २०१४मध्ये सगळ्यांनी मोजली. भारतातून गेलेल्या मालात फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघानं १ मेपासून भारतीय आंब्याची आयात थांबवली. ऐन हंगामात. ज्यांनी निगुतीनं माल पाठवला होता त्यांचीही दारं त्याच दिवशी बंद झाली. पुढच्या वर्षी जानेवारीत बंदी उठली, तीही तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर. जपान आणि अमेरिका यांची दारं त्याआधी उघडली होती ती याच वाटेनं, जपानसाठी उष्ण बाष्पाची प्रक्रिया आणि अमेरिकेसाठी लासलगावच्या केंद्रातलं विकिरण पत्करून. माझा धंदा माझा, त्याची मूल्यं माझी, असं म्हणताना शेजाऱ्याचाही विचार करावा लागतो तो यासाठी.

आतापर्यंत गिऱ्हाइकाबद्दल बोललो. पण मला धंद्याचा स्वभाव बघायचा असेल तर मी आधी बागेतल्या खोपीकडे बघतो. रत्नागिरीच्या बागांची राखण आज मोठ्या प्रमाणावर नेपाळहून आलेली माणसं करतात. पावसाळ्यानंतर ती येतात, बायकामुलांसह कातळावरच्या एखाद्या खोलीत राहतात, दिवसा वानर आणि रात्री चोर हाकलतात, फवारणीचे पाइप ओढतात, काढणीला झाडावर चढतात. त्यांच्या खोलीला दार आहे का, पाण्याची सोय आहे का, फवारताना तोंडाला काही बांधायला दिलं आहे का, मूल शाळेत जातं का, झाडावरून कोणी पडलं तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, ठरलेले पैसे परतीच्या गाडीपूर्वी हातात पडतात का? गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा मालक या प्रश्नांपाशी गप्प होत असेल, तर त्याच्या मूल्यांची चौकट भिंतीवरून काढून ठेवावी.

झाडाशी वागणं हाही स्वभावाचाच भाग. अनेक बागा खंडानं दिल्या जातात. मालक मुंबईत, बाग कराराच्या माणसाकडे. हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतो. दर वर्षी मोहोर यावा म्हणून पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझॉल घालतात, आपल्याकडे त्याला कल्टारच म्हणतात. झाडाच्या घेराप्रमाणे मोजून, खतपाणी सांभाळून घातलं तर ते उपयोगी आहे, विद्यापीठाचीच ती शिफारस आहे. पण करार तीन वर्षांचा आणि झाड दुसऱ्याचं, अशा वेळी हात सैल सुटतो. तीन वर्षं पैसे मिळतात, आणि आजोबांनी लावलेलं कलम थकून जातं. त्याचा जाब विचारायला तिथे कोणी नसतं.

जुनी माणसं हे कसं करत, तेही थोडं सांगायला हवं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना आणि वसाहत उभी केली. लोखंडी नांगरानं जमीन नासेल अशी भीती शेतकऱ्यांना वाटायची, नांगर पडून राहिले, तरी त्यांनी नांगर सोडला नाही. मला त्याहून मोठी वाटते ती वसाहतीतली माणसांची निवड. तिथे अस्पृश्यता पाळायची नाही असं ठरलं होतं, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी राखणीचं काम दिलं. हे विचार भाषणातही मांडता आले असते. त्यांनी ते कामावर माणूस घेताना अमलात आणले, आणि त्या काळात त्याचा धोकाही स्वीकारला.

रत्नागिरीला स्वतःचं उदाहरण आहे भागोजीशेठ कीर यांचं. इथल्या गरीब भंडारी घरातून मुंबईत गेलेला मुलगा पुढे बांधकामाचा मोठा कंत्राटदार झाला. शिवाजी पार्कजवळची स्मशानभूमी आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, १९३१मध्ये, सर्व जातींच्या हिंदूंना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं ते कीरशेठच्या पैशातून. देणग्या आणि धंद्याची मूल्यं यांची गल्लत करू नये असं माझं मत आहे. मजुरी बुडवून देवळाला घंटा देणारे कमी नाहीत. पण या देणगीचा प्रकार वेगळा होता. गावातल्या सनातनी मंडळींचा रोष पत्करून ती दिलेली होती. मान मिळवायचाच असता तर त्याच पैशात सर्वांना आवडेल असं काहीतरी बांधून तो जास्त सहज मिळाला असता.

शेवटी पुस्तिका कशी वापरावी याबद्दल. हंगामात ती उघडू नका. एप्रिलमध्ये गाडी दारात उभी असताना माणूस मूल्यं ठरवत नाही, तेव्हा तो फक्त पेटी भरतो. गणपती विसर्जन करून चाकरमानी परत गेले की घर शांत होतं, भातकापणीला थोडा अवकाश असतो, त्या दिवसांत बसा. एकटे बसू नका. हिशेब ठेवणारी बायको किंवा भाऊ, पॅकिंग बघणाऱ्या काकू, आणि राखणदार परत आला असेल तर तोही हवा. कोवळं फळ कोणाच्या सांगण्यावरून उतरलं हे त्याला सगळ्यांपेक्षा नीट ठाऊक असतं. गेल्या हंगामात कोणत्या पेटीबद्दल आपल्याला अस्वस्थ वाटलं ते आठवा. तसं पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं नाही ते एका वाक्यात लिहा, आणि ते पाळल्यास अंदाजे किती रुपये जातील तो आकडा शेजारी मांडा. आकडा झेपत नसेल तर वाक्य लहान करा, पण झेपेल तेवढंच लिहा. कॅनिंगचा गर किंवा रस विकणाऱ्यांनी डब्यावरच्या चिठ्ठीपासून सुरुवात करावी: तोतापुरी मिसळली असेल तर तसं ठळक छापायचं का, एवढाच प्रश्न. निवासव्यवस्था चालवणाऱ्यांसाठी आणि मासळीवाल्यांसाठी वेगळी प्रकरणं आहेत.

अशी तीन-चार वाक्यं झाली तरी या वर्षापुरती पुरेत. कागद दर्शनी खोलीत लावायची गरज नाही. पेट्या जिथे भरता तिथे लावा, म्हणजे काम करणाऱ्यांना दिसेल आणि मालकाला त्यावरून टोकताही येईल. पहिलं प्रकरण काढणीच्या तारखेवर आहे. बागायतदार नसलात तरी ते आधी वाचा आणि आपल्या धंद्यात तशी तारीख कोणती, ती कोण ठरवतं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून मगच पुढे जा.